बुधवारचे राखीव दोन तास

माझा दादा डोळे बनवतो. खोटे डोळे. कुणाचा खरा डोळा अपघातात गेला, कुणाचा आजारपणात काढावा लागला, की ती माणसं दादाकडे येतात. तो खोबणीचं माप घेतो, मेणाचा नमुना करून बसवून बघतो, मग पांढरा डोळा ओततो, आणि माणसाला खिडकीपाशी बसवून त्याच्या उरलेल्या डोळ्याकडे बघत बघत तसंच बुबुळ रंगवतो. लाल रेशमाचा धागा उसवून त्याचे केसासारखे तंतू शिरा म्हणून चिकटवतो. छत्तीस वर्षं हेच. लोक त्याला डॉक्टर म्हणतात. तो डॉक्टर नाही. आधी तसं सांगायचा, आता कंटाळून सांगत नाही.

माणूस कामाला वाघ, पण संशयी. किती संशयी? कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार, जिना उतरणार, परत वर येऊन चौथ्यांदा ओढणार. दुकानातून दूध आणलं की पिशवीवरची तारीख वाचणार आणि तरीही हुंगणार. कुणी त्याचं तोंडभरून कौतुक केलं, की तो माणूस गेल्यावर विचारणार, याला काय पाहिजे असेल गं? मी तरी कुठे वेगळी आहे म्हणा. एकतीस वर्षं मी बसच्या मोठ्या स्टँडवर हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसते. छत्री न्यायला आलेल्या प्रत्येकाला मी म्हणते, खूण सांगा. दुसऱ्याची छत्री आपली म्हणून नेणारी माणसं किती सभ्य दिसतात, ते मला विचारा. आमचे वडील असेच होते. आम्ही दोघं भावंडं त्यांच्यावर गेलो.

दादाच्या कामात एक अडचण होती ती फोनची. बुबुळ रंगवताना श्वाससुद्धा बेतानं घ्यावा लागतो. त्यात फोन वाजला की ब्रश हलतो, आणि तासाभराची मेहनत खरवडून काढावी लागते. सव्वीस वर्षं फोन वहिनीनं घेतला. पेशंट आधी वहिनीशी बोलायचे, रडायचे, मग दादाकडे यायचे. पण दादाला वाटायचं, ही फोनवर जरा जास्तच बोलते, इकडची गोष्ट तिकडे जात असणार. तो दाराआडून ऐकत उभा राहायचा. एकदा वहिनीनं दार उघडलं आणि हा समोर. त्या दिवशी वहिनीनं राजीनामा दिला. नवऱ्याला नाही, फोनला. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी पोहायला जाऊ लागली आणि घरात फोन वाजला तरी हातातलं पुस्तक खाली ठेवेना.

मग चार महिने दादाचे हाल कुत्र्यानं खाल्ले नाहीत. फोन घ्यावा तर रंग बिघडतो, न घ्यावा तर पेशंट जातो. मोठ्या रस्त्यावर खोट्या डोळ्यांचं नवं केंद्र निघालं होतं, तिथे यंत्रावर माप घ्यायचे. दादाच्या जुन्या पेशंटांपैकी दोघं तिकडे गेल्याचं कळलं, तेव्हा त्याचं तोंड बघवत नव्हतं. शेवटी परगावी असलेल्या माझ्या भाचीनंच, म्हणजे दादाच्या मुलीनं, काम केलं. तिनं बापासाठी एक व्हर्च्युअल असिस्टंट शोधली.

म्हणजे काय, तर एक बाई. कुठल्या तरी दुसऱ्या शहरात आपल्या घरी बसून काम करणारी. दादाचे फोन तिच्याकडे वळवले जाणार, ती पेशंटशी बोलणार, वेळ देणार, आठवण करून देणार, आणि रोज संध्याकाळी पाच वाजता दादाला उद्या कोण कोण येणार त्याचा निरोप पाठवणार. तिच्याकडे आणखी तिघांची कामं होती, एक वकील, एक घरांचे नकाशे काढणारा आणि एक व्यायामानं सांधे मोकळे करणारी. दादानं हे ऐकून घेतलं आणि लेकीला विचारलं, व्हर्च्युअल म्हणजे खोटीच ना? भाची म्हणाली, बाबा, तुम्ही हे बोलावं म्हणजे कमाल आहे.

नाइलाजानं दादा हो म्हणाला, पण पहिल्याच दिवशी त्यानं नियम घातला. निरोपात पेशंटचं नाव लिहायचं नाही. कोण कुठे वाचेल सांगता येत नाही. आपल्या जुन्या वहीत प्रत्येक पेशंटला नंबर आहे, त्या वहीची यादी तुम्हाला दिली आहे, तर फक्त नंबर लिहायचा. बाई म्हणाली, चालेल सर. आणि तिनं तो नियम एकदाही मोडला नाही. घरात दादा तिला ‘पलीकडची’ म्हणायचा. पलीकडचीचा निरोप आला का, पलीकडची आज काय म्हणते, असं.

खरं सांगायचं तर काम सुरळीत चालू झालं. दादाची खोली शांत झाली. पेशंट वेळेवर यायला लागले, सोबत कोणाला आणायचं, काय काय घेऊन यायचं, सगळं त्यांना माहीत असायचं. दुसरा कुणी असता तर हात जोडले असते. पण सगळं सुरळीत चाललंय म्हटल्यावर दादाच्या डोक्यात किडा वळवळलाच. एवढं कसं सुरळीत?

पहिलं म्हणजे तिचा कॅमेरा. आठवड्यातून एकदा दोघं कॉम्प्युटरवर बोलायची, आणि तिच्या चौकोनात नुसता काळोख. डोळ्यांत बघितल्याशिवाय दादाला माणूस कळत नाही, असं त्याचं म्हणणं. ही तोंड का लपवते? दुसरं, पेशंट तिची फार तारीफ करायचे. तुमच्या ताई किती छान बोलतात हो डॉक्टर. एका म्हातारबाबांनी तर स्वतःच्या झाडाची लिंबं आणली आणि म्हणाले, ही ताईंना पोचवा. दादानं ती लिंबं टेबलावर ठेवली आणि दोन दिवस त्यांच्याकडे रागानं बघत बसला.

आणि तिसरं, सगळ्यात मोठं, ते बुधवारचं. वेळापत्रकात दर बुधवारी अकरा ते एकचा चौकोन करड्या रंगाचा. त्यावर नंबर नाही, काही नाही. कधी मधेच तिथे कोणीतरी यायचं, कधी तो रिकामाच जायचा. दादानं विचारल्यावर ती म्हणाली, ते दोन तास मी राखून ठेवते सर, अडलेल्या माणसासाठी. दादानं तेवढ्यावर फोन ठेवला, आणि त्या रविवारी मला बोलावून घेतलं.

‘बेबी,’ तो म्हणाला, ‘ही बाई माझे पेशंट त्या नव्या केंद्राला पुरवते.’

मी म्हटलं, कशावरून? तर म्हणे, त्या दोन तासांत मी मोकळा बसतो, म्हणजे त्या वेळचे पेशंट कुठे जातात? दोन तर गेलेच. मी म्हटलं, ते दोघं ती यायच्या आधी गेले होते. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं, ती आधीपासूनच तिकडे कामाला असेल. वहिनी पलीकडे पुस्तक वाचत होती, तिनं मान वर न करता विचारलं, ‘वन्सं, माझी पण चौकशी झाली होती का हो अशी?’ दादानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

त्याचा बेत ठरलेलाच होता. मी नवी पेशंट म्हणून फोन करायचा. नुकताच डोळा गेलाय, घाई आहे, असं सांगायचं. मग ती काय करते बघायचं. त्या केंद्राचं नाव काढलं की चोर सापडला, आणि बाईला त्याच दिवशी नारळ. मला नाही म्हणता आलं असतं. पण कॉलेजात मी नाटकात काम करायचे आणि नंतरची एकतीस वर्षं माझ्यासाठी खिडकीत कोणी टाळ्या वाजवलेल्या नाहीत. शिवाय खोटं बोलणाऱ्यांना मी आयुष्यभर पकडत आले, एकदा आपण बोलून बघावं असंही मनात आलं. कबूल करते, मला हौस होती.

सोमवारी सकाळी मी दार लावून घेतलं आणि फोन केला. आवाज आला तो साधा, जरा घोगरा, चाळिशीच्या बाईचा. मी सुरू केलं. डावा डोळा गेला, दोन महिने झाले, पंधरा दिवसांनी नोकरीची मुलाखत आहे, हे काळं झापड लावून कशी जाऊ? बोलता बोलता मी रडले. छान रडले. इतकं छान की मलाच बरं वाटलं.

ती मधे बोलली नाही. माझं संपल्यावर तिनं एकेक विचारलं. ऑपरेशन कुठल्या तारखेला झालं, खोबण दुखते का, पाणी येतं का, डॉक्टरांनी डोळा बसवायला हो म्हटलंय का, घरी कोण आहे. मग म्हणाली, चहा कपाबाहेर सांडत असेल ना? मी हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार. तर म्हणाली, एका डोळ्यानं अंतर कळत नाही, सुरुवातीला सगळ्यांचंच होतं, किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवा आणि मग ओता. जिना उतरताना कठडा डाव्या हाताला घेत जा. आरशात बघायचं नसेल तर नका बघू, घाई नाही. नव्या केंद्राचं नाव नाही, कसली भलामण नाही. पाऊण तास बोलली माझ्याशी. शेवटी म्हणाली, ‘परवा बुधवारी अकराला या. ती वेळ मी तुमच्यासारख्यांसाठीच धरून ठेवते.’

फोन ठेवला आणि मी तशीच बसून राहिले. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात माझ्याशी पाऊण तास कोणी बोललं नव्हतं. मी दादाला फोन करून सांगितलं, बाई सोन्यासारखी आहे, आता हे बंद कर, मी उद्या फोन करून वेळ रद्द करते.

तर दादा म्हणतो, थांब. इतकं गोड कोणी फुकट बोलतं का? वेळ तर दिली, पण ती पाळते का बघू. उद्यापर्यंत तुला हलवते की नाही बघ. कुठे हलवते ते कळलं म्हणजे झालं.

मी गप्प बसले. त्याचं कारणही सांगून टाकते. त्या संध्याकाळी पलीकडचीचा मला निरोप आला, आज जेवलात का नीट? आणि मी तिला उत्तर लिहिलं. डावा डोळा गेलेल्या बाईच्या वतीनं लिहिलं, की हो, थोडं जेवले, चहा आज सांडला नाही. तिनं लिहिलं, शाब्बास. छप्पन्न वर्षांची बाई मी, त्या शाब्बासवर मी झोपायला गेले.

मंगळवारी संध्याकाळी पाचला दादाला तिचा निरोप आला, आणि दादा तो घेऊन माझ्याकडे धावत आला. चेहरा असा, की लढाई जिंकली. निरोपात लिहिलं होतं: ‘सर, एकशे बारा नंबरचा फोन होता. जुनी पेशंट, लहान मुलगी. डोळा सैल झालाय, पडतो. उद्याच्या बाईंना पुढे ढकलून तिला बोलवू का? तुम्ही सांगाल तसं करते.’

‘बघितलंस?’ दादा म्हणाला. ‘हलवते की नाही तुला? मी म्हटलं होतं.’

मी म्हटलं, अरे, पण मुलगी असेल खरंच. दादा म्हणाला, बरोब्बर लहान मुलगीच कशी निघाली? म्हातारा का नाही? मला दया यावी म्हणून. आणि हिला जागा हवीय तुझी, दुसऱ्या कुणाला तरी द्यायला. तो एवढ्या ठासून बोलत होता की मलाही घटकाभर खरं वाटलं. वही त्याच्या कपाटात होती. एकशे बारा कोण, ते बघायला दोन मिनिटं लागली असती. नंबर लिहा म्हणून नियम त्यानंच केलेला. पण आपण फार हुशार आहोत असं ज्याला वाटत असतं, तो वही उघडत नाही. दादानं माझ्यासमोर उभ्या उभ्या उत्तर टाईप केलं, कोणालाही हलवू नका.

बुधवारी मी अर्थातच गेले नाही. अकरा वाजून वीस मिनिटांनी तिचा फोन आला. मी घेतला नाही. परत आला. तिसऱ्यांदा घेतला आणि जे तोंडात आलं ते बोलले, ताप आलाय. वाटलं होतं, आता चिडेल, तेवढीच सुटका. तर म्हणाली, खोबणीत सूज नाही ना? असेल तर आधी डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. आणि काळजी करू नका, पुढचा बुधवारही मी तुमच्यासाठी ठेवते, मुलाखतीच्या आधी होऊन जाईल. मला नको म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, बरं. फोन ठेवल्यावर मी दादावर ओरडले आणि स्वतःवर ओरडले, दोन्ही एकाच वाक्यात.

तो आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. रोज तिचा निरोप, आज कसं आहे. मी मग उत्तर द्यायचं सोडलं, तर ती जास्तच काळजी करायला लागली. खिडकीत लोक सामान मागायला यायचे आणि मी नेहमीसारखं खूण सांगा म्हणायचे, पण आवाज चढत नव्हता. शेवटी ठरवलं, बुधवारी रजा काढायची, दादाकडे जायचं, त्याच्यासमोर तिला फोन लावायचा आणि सगळं सांगून मोकळं व्हायचं. मग ती काय शिव्या देईल त्या देईल.

बुधवारी साडेदहालाच मी पोचले. ऊन मी म्हणत होतं, डोळ्यांवर काळा गॉगल. बाहेरच्या खोलीत पेशंटांसाठी तीन खुर्च्या आहेत, त्यातल्या एकीवर बसून घाम पुसत होते. दादा आत होता, त्याच्या पॉलिशच्या यंत्राचा आवाज येत होता. तेवढ्यात दारातून एक माणूस आला. पस्तिशीचा, लोहाराचं किंवा वेल्डरचं काम करणारा असावा, हातांवर भाजल्याचे बारीक डाग. हातात एक छोटी डबी. त्यानं माझ्याकडे बघितलं, गॉगलकडे बघितलं, आणि चटकन नजर खाली केली. अशा घरची माणसं टक लावून बघत नाहीत.

‘तुम्ही त्याच का?’ त्यानं हळूच विचारलं. ‘आज अकराची वेळ ज्यांना आहे त्या?’

मी हो म्हणाले नाही आणि नाही पण म्हणाले नाही.

तो समोरच्या खुर्चीत टेकला. मी तुमच्या वेळेत घुसायला आलो नाही हं, म्हणाला, डॉक्टरांना फक्त दोन मिनिटं विचारायचंय. मग डबी उघडून दाखवली. आत कापसावर एक इवलासा डोळा. मुलगी सात वर्षांची. वाढत्या वयात खोबण मोठी होते आणि डोळा लहान पडतो, दर दीड-दोन वर्षांनी नवा लागतो. हिचा वेळेआधीच लहान पडला. शाळेत मधल्या सुट्टीत खेळताना पडला, आणि पोरांनी तो पायानं इकडून तिकडे ढकलला. त्या दिवसापासून ती शाळेत गेली नाही. खोलीचं दार लावून बसते. नऊ दिवस झाले. ताई रोज फोन करतात, म्हणाला, तिला गोष्टी सांगतात, तेवढा वेळ ती दार उघडते. मी ताईंना म्हटलं होतं, मागच्या बुधवारी घ्या. ताई म्हणाल्या, एक बाई आहेत, नुकताच डोळा गेलाय, फार खचल्यात, डॉक्टरांनी सांगितलंय त्यांना हलवायचं नाही. मग मी पोरीला विचारलं.

त्यानं डबीचं झाकण लावलं.

‘पोरगीच म्हणाली, त्या काकूंना आधी जाऊ दे. बऱ्या आहात ना आता?’

मी गॉगल काढला नाही. काढायची हिंमतच नव्हती. आतला यंत्राचा आवाज कधी थांबला कळलं नाही. मान वळवली तर दादा दारात उभा. त्याच्या कपाळावर पॉलिशची पांढरी धूळ आणि चेहराही तसाच पांढरा. ती मुलगी दोन वर्षांची असल्यापासून त्याची पेशंट. तिचे तिन्ही डोळे त्यानं केलेले. तिच्या उजव्या बुबुळात एक पिवळसर ठिपका आहे, तो उतरवायला त्याला पहिल्यांदा चार दिवस लागले होते, आणि ही गोष्ट त्यानं आम्हाला किती वेळा ऐकवली असेल. पण एकशे बारा म्हणजे ती, हे त्याला ठाऊक नव्हतं. नंबर पाठ करायचे कशाला, वही होती ना.

दादा एवढंच म्हणाला, तिला आत्ता घेऊन या. तो माणूस म्हणाला, पण या बाई? दादा म्हणाला, यांना काही झालेलं नाही. माणसाला आधी कळलं नाही. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मी गॉगल काढला. माझे दोन्ही डोळे त्याला दिसले. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो सरळ उठला. डबी खिशात घालून मुलीला आणायला गेला.

ती आली तेव्हा बारा वाजून गेले होते. फ्रॉकच्या रंगाचं झापड लावलेली, कुणाकडे न बघणारी. दादानं त्या दिवशी दुसरं कोणी घेतलं नाही. माप घेतलं, नमुना बसवला, हसवलं तिला. मधे त्यानं मला खूण केली, की आता लाव. मी कॉम्प्युटरवर पलीकडचीला बोलावलं. दादा हात पुसत आला आणि तिच्या काळ्या चौकोनासमोर बसला. त्यानं सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, माझ्यावर काही न ढकलता. ही माझी बहीण, रडली ती खोटं, मी सांगितलं म्हणून. मी मागून म्हटलं, मला पण हौस होती.

मग तिनं विचारलं, ‘म्हणजे त्यांचा डोळा शाबूत आहे?’ दादा हो म्हणाला. ती म्हणाली, बरं झालं. आणि हे ती टोमण्यानं म्हणाली नाही, तेच मला सोसलं नाही.

मग चौकोन उजळला. तिनं कॅमेरा लावला होता. साधी बाई, चष्मा, मागे भिंतीवर कपड्यांची दोरी. दादाला म्हणाली, कॅमेरा लावा असं तुम्ही एकदा म्हटलं असतं तर मी लावला असता. पेशंटना मी दिसत नाही म्हणून ते मोकळं बोलतात, त्यामुळे सवय राहिली. दादा डोळ्यांतून माणूस ओळखणारा, त्याची नजर टेबलावर. मी या महिन्यात काम सोडते, ती म्हणाली. आज पाचपर्यंत सगळ्यांच्या वेळा, कुणाला काय भीती आहे, कुणाशी काय बोलायचं नाही, ते लिहून पाठवते. दादानं तिला थांबायला सांगितलं. माझा दादा, त्यानं हात जोडले. म्हणाला, पुन्हा कधी संशय घेणार नाही.

‘तुम्ही नाही घेणार सर,’ ती म्हणाली. ‘पण आता कोणी रडत फोन केला की मी संशय घेईन. हे काम मग मला नाही जमणार.’

पाच वाजता तिचं लिहिलेलं आलं. एकवीस पानं. नंबर घालून, नाव एकही नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी खिडकीपाशी बसली होती आणि दादा तिचं बुबुळ रंगवत होता. पिवळसर ठिपक्यापर्यंत आला होता, हात अगदी हलका. मी आणखी एक रजा काढून बाहेरच्या खोलीत बसले होते, ती एकवीस पानं मांडीवर घेऊन. फोन वाजला. आत ब्रश थांबला. वहिनी कुठेतरी पाण्यात असणार. फोन वाजतच राहिला, आणि आतून दादा म्हणाला, ‘बेबी, घे. तुला बोलता येतं.’

मी घेतला. पलीकडे एक बाई होती. तिला वाक्य पुरं करता येत नव्हतं. उजवा, म्हणाली, आणि मग नुसतं रडणं. काय विचारायचं ते सगळं पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं, बोट ठेवून वाचलं असतं तरी भागलं असतं. पण शप्पथ सांगते, माझ्या मनात आधी आलं ते एवढंच, की ही खरी रडतेय ना?